पाठीवरचा पंप निवडताना

पारनेरचा कांदा असो, राहात्याचं डाळिंब असो की शिर्डीतल्या एखाद्या हॉटेलापुढची हिरवळ, औषध मारायची वेळ आली की टाकी कुणाच्या तरी पाठीवर चढते. मोठ्या बागांत ट्रॅक्टरवरचे ब्लोअर आले, एचटीपी पंप आले. तरी अहिल्यानगर जिल्ह्यातल्या छोट्या रानांत, भाजीच्या वाफ्यांत आणि बंगल्यांच्या आवारांत अजूनही १६ लिटरचा पाठीवरचा पंपच चालतो. भरलेल्या टाकीत १६ किलो पाणी, वर पंपाचं स्वतःचं पाच-सहा किलो वजन. ‘एकरी दहा पंप लागले’ असं शेतकरी सहज सांगून जातो, तेव्हा वीस-बावीस किलोचं ओझं कुणीतरी दहा वेळा पाठीवर घेतलेलं असतं. आणि त्या ओझ्यात विष कालवलेलं असतं.

एवढ्या जोखमीचं अवजार आपण बहुतेकदा रंग, किंमत आणि दुकानदाराचा शब्द यांवर घेतो. जाड टाकी म्हणजे टिकाऊ पंप, अशी एक सर्वसाधारण समजूत आहे. प्रत्यक्षात टाकी सगळ्यात शेवटी जाते. आधी जातं ते वायसर, मग झडप, नळीचा जोड, झाकणाचं रबर आणि नोझल. पंपाचं आयुष्य या दहा-वीस रुपयांपासून शे-दोनशे रुपयांपर्यंतच्या लहान भागांत असतं. हेच भाग निकामी झाले की औषध पिकाऐवजी माणसाच्या पाठीवर उतरतं. म्हणून टिकाऊ पंप निवडणं हा पैशाचा हिशेब आहेच, पण त्याआधी तो माणसाच्या जिवाचा हिशेब आहे.

दांडा हलतो तेव्हा आत काय होतं

हाताच्या पंपात दांडा हलवला की एका नळकांड्यात दट्ट्या वर-खाली होतो. दट्ट्या एका दिशेने गेला की झडपेची गोळी उचलली जाते आणि टाकीतलं द्रावण आत येतं. तो उलटा फिरला की पहिली झडप मिटते, दुसरी उघडते आणि द्रावण दाबाच्या कुपीत ढकललं जातं. या कुपीत वरच्या बाजूला थोडी हवा अडकलेली असते. पाणी दाबता येत नाही, हवा दाबता येते. ती दबलेली हवाच दोन हेलकाव्यांच्या मधल्या वेळात द्रावणाला सारखं पुढे रेटत राहते, म्हणून फवारा तुटत नाही.

यावरून पंप ओळखायची पहिली खूण मिळते. दांडा हलवायचं थांबल्यावरही चांगला पंप काही क्षण एकसारखा फवारा देत राहतो. हात थांबताच फवारा मरत असेल, तर एकतर कुपी लहान आहे किंवा झडप नीट बसत नाही. अशा पंपावर माणसाला दिवसभर जास्त वेगाने दांडा मारावा लागतो. त्यात खांदा आणि वायसर दोन्ही लवकर झिजतात.

काही पंपांत दट्ट्याच्या जागी रबराचा पडदा असतो. दट्ट्याच्या पंपाला दाब चांगला मिळतो, पण वायसर सतत नळकांड्याला घासत असतं. मॅन्कोझेबसारखी पाण्यात मिसळणारी भुकटी, गंधक, बोर्डो मिश्रणातला चुना हे सगळे कण त्या घासण्यात सापडतात आणि नळकांड्यावर ओरखडे पाडतात. पडद्याच्या पंपात असं घासणं होत नाही, त्यामुळे भुकटीची औषधं जास्त वापरणाऱ्याला तो सोसतो. मात्र पडदा फाटला तर तो तालुक्याच्या गावी मिळेल का, हे घेण्याआधीच विचारून ठेवावं.

तांब्या-पितळेपासून प्लॅस्टिकपर्यंत

पाठीवरच्या पंपाचा इतिहास द्राक्षाच्या केवड्याशी जोडलेला आहे. १८८० च्या दशकात फ्रान्समधल्या द्राक्षमळ्यांत हा रोग पसरला. १८८५ मध्ये बोर्डो विद्यापीठातल्या पिएर मिलार्दे यांनी मोरचूद आणि चुना यांचं मिश्रण त्यावर लागू पडतं हे प्रसिद्ध केलं. मिश्रण मिळालं, पण ते प्रत्येक पानावर पोचवायचं कसं? व्हिलफ्रांश गावच्या व्हिक्तोर व्हेर्मोरेल यांनी ‘एक्लेर’ या नावाचा पाठीवरचा पंप बाजारात आणला आणि तो द्राक्षमळ्यांत पसरला. आपल्याकडे स्वातंत्र्याच्या सुमारास मुंबईच्या मालाडमध्ये ‘आस्पी’चा कारखाना उभा राहिला. पितळी टाकीचा पंप ज्यांनी वापरला आहे, अशी जुनी माणसं आजही गावोगाव भेटतात.

तांबं-पितळच का, याचं उत्तर डाळिंबाच्या बागेत रोज मिळतं. तेल्या रोगासाठी बाग विश्रांतीत असताना १ टक्का बोर्डो मारतात: १ किलो मोरचूद, १ किलो कळीचा चुना, १०० लिटर पाणी. मिश्रण तयार झालं की त्यात लोखंडी विळा किंवा खिळा बुडवून बघतात. त्यावर तांबूस थर चढला तर मिश्रण आम्ल आहे, चुना अजून हवा. त्या थरामागचं कारण असं की द्रावणातलं तांबं लोखंडावर बसतं आणि त्या बदल्यात लोखंड विरघळून द्रावणात जातं. जे खिळ्याचं होतं तेच पंपातल्या साध्या लोखंडी स्प्रिंगचं, स्क्रूचं आणि नळीचं होतं. म्हणून बोर्डो किंवा दुसरी तांब्याची औषधं वापरणाऱ्यांनी पंपाच्या आत, द्रावणाला लागेल अशा जागी, साधं लोखंड कुठेही नाही याची खात्री करावी. स्प्रिंग स्टेनलेस स्टीलची असावी, नळी पितळेची, स्टेनलेसची किंवा चांगल्या प्लॅस्टिकची.

आजच्या टाक्या पॉलिथिनच्या असतात. त्या गंजत नाहीत, हलक्या असतात, पण ऊन त्यांचा शत्रू आहे. सूर्यप्रकाशातले अतिनील किरण प्लॅस्टिकच्या साखळ्या तोडतात, टाकी पांढुरकी पडते आणि एक दिवस पट्ट्याच्या कडीपाशी तडकते. उन्हाळ्यात चाळिशीपार जाणाऱ्या आपल्या जिल्ह्यात वर्षभर झापाच्या छपरावर पडलेला पंप, कितीही नामांकित असो, टिकणार नाही. टाकी बघताना जाडीइतकंच दोन ठिकाणी लक्ष द्यावं: पट्टे जिथे अडकतात त्या कड्या आणि टाकीचं बूड. तडे तिथूनच सुरू होतात.

रबर रबरात फरक

वायसर काळं आणि गोल दिसलं म्हणजे सगळं एकच, असं नसतं. जुन्या पंपांत चामड्याचं वायसर असे. ते वाळलं की आकसायचं, तेल लावलं की पुन्हा फुगून बसायचं. आता तीन प्रकारचं रबर आढळतं. नायट्राइल स्वस्त आहे आणि तेलाला बऱ्यापैकी टिकतं. ईपीडीएम पाण्यातल्या औषधांना आणि अल्कधर्मी द्रावणांना चांगलं, पण तेलकट द्रावकांत फुगतं. व्हायटॉन महाग पडतं, मात्र बहुतेक कीटकनाशकांतल्या द्रावकांपुढे तेच सर्वाधिक टिकतं.

बाटलीवर औषधाच्या नावापुढे ‘ईसी’ लिहिलेलं असतं, त्याचा अर्थ औषध तेलकट द्रावकात विरघळवलेलं आहे आणि पाण्यात टाकल्यावर दुधाळ होतं. कांद्यावरच्या फुलकिड्यांपासून भाजीवरच्या अळ्यांपर्यंत अशी औषधं सर्रास मारली जातात. दिवसभर काम करून पंप न धुता ठेवला, तर हेच द्रावक रात्रभर वायसरला फुगवत बसतं. सकाळी दांडा जड चालतो आणि पाळी-दोन पाळ्यांत वायसर फाटतं. म्हणून दुकानात ‘यात व्हायटॉनचं वायसर आहे का’ हे जरूर विचारावं. वायसरला वंगण लावतानाही हा फरक लक्षात ठेवावा. ईपीडीएमला पेट्रोलियम जेली किंवा गाडीचं ग्रीस चालत नाही. सिलिकॉनचं ग्रीस सगळ्यांना चालतं.

नोझल: सर्वांत लहान, सर्वांत महाग

नोझल हा पंपाचा सगळ्यात छोटा भाग, आणि चुकला तर सगळ्यात महागात पडणारा. कीटकनाशक आणि बुरशीनाशकासाठी पोकळ शंकूचा फवारा देणारं नोझल घ्यावं. त्याचे बारीक थेंब पानांच्या आत-बाहेर शिरतात. कांद्याच्या पातीवर मेणाचा थर असतो आणि फुलकिडे पातीच्या बेचक्यात लपतात. तिथे बारीक थेंब आणि सोबत चिकट द्रव्य लागतंच. तणनाशकासाठी मात्र पंख्यासारखा सपाट फवारा देणारं फ्लॅट फॅन किंवा फ्लड जेट नोझल हवं. त्याचे थेंब मोठे असतात आणि वाऱ्याने शेजारच्या पिकावर कमी जातात. थेंबाचा व्यास निम्मा झाला की एका थेंबाचे आठ थेंब होतात. ते आठही हलके असतात आणि वारा त्यांना कुठेही नेतो.

फवारा कमी पडतोय म्हणून दाब वाढवणं ही नेहमीची चूक. नोझलमधून येणारं पाणी दाबाच्या वर्गमुळाच्या प्रमाणात वाढतं. म्हणजे पाणी दुप्पट हवं असेल तर दाब चौपट करावा लागेल. दाब वाढवून पाणी फारसं वाढत नाही, थेंब मात्र धुक्यासारखे बारीक होतात, उडून जातात आणि मारणाऱ्याच्या नाकातोंडात शिरतात. जास्त पाणी हवं असेल तर मोठ्या भोकाचं नोझल लावावं.

नोझल झिजतं हे डोळ्यांना दिसत नाही. ते मोजूनच कळतं. नवं नोझल लावल्या दिवशी साधं पाणी भरून एक मिनिट मापाच्या भांड्यात फवारावं आणि आकडा टाकीवर पक्क्या शाईने लिहून ठेवावा. पुढे दर हंगामाला तीच चाचणी करावी. पाणी दहा टक्क्यांनी वाढलं की नोझल बदलावं. ३३ फूट लांब आणि ३३ फूट रुंद जागा म्हणजे बरोबर एक गुंठा. समजा, तुमच्या नेहमीच्या चालीने एका गुंठ्याला ४ लिटर पाणी लागतं. एकराला १६० लिटर, म्हणजे दहा पंप झाले. नोझल दहा टक्के झिजलं तर त्याच चालीने अकरा पंप लागतील. औषध पंपावर मोजून घालत असाल तर एकरामागे एका पंपाचं औषध वाढीव जातं, तेही प्रत्येक फवारणीला. त्या मानाने नवं नोझल काहीच नाही.

पितळी नोझल दिसायला भक्कम, पण भुकटीच्या औषधाने ते लवकर झिजतं. चांगल्या प्लॅस्टिकचं आणि स्टेनलेस स्टीलचं त्याहून टिकतं, सिरॅमिकचं सगळ्यांत जास्त. नोझल तुंबलं तर तार किंवा टाचणी घालू नये, भोक मोठं होतं. तोंडाने फुंकू तर अजिबात नये. दात घासायचा मऊ ब्रश आणि पाणी पुरे.

आपल्याकडे तुंबण्याचं आणखी एक कारण म्हणजे पाणी. गोदावरी-प्रवरेच्या कालव्याखालच्या भागांत चोपण जमिनी आहेत आणि बऱ्याच विहिरींचं, बोअरचं पाणी जड आहे. त्यातला चुना वाळून जाळीवर आणि नोझलवर पांढरा थर बसतो. नोझल थोडा वेळ व्हिनेगरमध्ये बुडवलं की तो निघतो. जड पाण्यातलं कॅल्शियम ग्लायफोसेटसारख्या तणनाशकालाही बांधून ठेवतं आणि त्याची ताकद कमी होते. अशा वेळी दोष पंपाला किंवा औषधाला दिला जातो, खरं कारण पाण्यात असतं. बाभळेश्वर किंवा दहिगाव-ने इथलं कृषी विज्ञान केंद्र असो, की राहुरीचं महात्मा फुले कृषी विद्यापीठ, पाण्याबद्दल आणि फवारणीबद्दल तिथे जाणकार माणसं भेटतात. एकदा पाणी तपासून घेतलं तर पुढची बरीच वर्षं उपयोगी पडतं.

हाताचा की बॅटरीचा

बॅटरीच्या पंपाने दांडा मारायचा त्रास गेला आणि दाबही एकसारखा मिळू लागला. २०२४ मध्ये राज्य सरकारने कापूस-सोयाबीनच्या योजनेत महाडीबीटीवरून बॅटरी पंपांसाठी अर्ज मागवले, तेव्हापासून ते आणखी घरांत पोचले. पण यात टिकण्याचा प्रश्न वायसरकडून बॅटरीकडे सरकतो. बहुतेक पंपांत १२ व्होल्टची, ८ किंवा १२ अँपिअर-तासांची शिशाची बॅटरी असते. ती पूर्ण उतरवून महिनोन्महिने तशीच ठेवली की तिच्या पट्ट्यांवर कठीण क्षार जमतात आणि ती पुन्हा नीट भरत नाही. हंगाम संपल्यावर पूर्ण चार्ज करून ठेवावी आणि मधल्या काळात महिन्यातून एकदा चार्ज करावी. लिथियमची बॅटरी हलकी असते आणि जास्त वेळा भरता येते, किंमत मात्र वाढते. रानात वीज कधी असते, कधी नसते. ज्याला चार्जिंगची खात्री नाही त्याने बॅटरी आणि दांडा दोन्ही असलेला ‘टू इन वन’ पंप बघावा. बॅटरीच्या पंपात दाब कमी-जास्त करायची सोय असावीच. ती नसेल तर तणनाशक मारताना थेंब फार बारीक होतात. टाकी रिकामी झाल्यावर मोटार चालू ठेवू नये, कोरडी फिरून ती जळते.

घरापुढच्या हिरवळीला

शेतात जी हरळी काढता काढता माणूस टेकीला येतो, तीच बंगल्यापुढे हिरवळ म्हणून जपली जाते. गुंठा-दोन गुंठ्यांच्या हिरवळीला १६ लिटरचा पंप बहुधा नको. ५ ते ८ लिटरचा, आधी हवा भरून दाब तयार करायचा पंप सोयीचा. त्यात टाकी काठोकाठ भरू नये, हवेला वर जागा लागते. दाब जास्त झाला तर आपोआप सोडणारी झडप असावी, आणि झाकण उघडण्याआधी हवा सोडून द्यावी. दाब हळूहळू उतरतो, म्हणून मधून मधून पुन्हा हवा भरावी लागते. नाहीतर हिरवळीच्या एका टोकाला औषध जास्त आणि दुसऱ्या टोकाला कमी पडतं.

हिरवळीतलं रुंद पानांचं तण मारायला २,४-डी वापरतात. ते गवताला फारसा अपाय करत नाही, पण गुलाब, जास्वंद, टोमॅटो, द्राक्ष, कापूस यांना त्याचा लवलेशही बाधतो. पंपाच्या रबरी नळीत राहिलेला अंश पुढच्या फवारणीत पानं वाकडी करतो. त्यामुळे तणनाशकाचा पंप वेगळा ठेवावा, त्यावर ठळक खूण करावी आणि दुसऱ्या कुठल्याही फवारणीला तो कुणालाही देऊ नये. घरची बाग असो की मंगल कार्यालयाचं आवार, हा एक नियम पाळला तर पुष्कळ झाडं वाचतील.

गळका पंप आणि माणूस

२०१७ च्या खरिपात यवतमाळ जिल्ह्यात कापसावर फवारणी करताना विषबाधा झाली. वीसहून अधिक शेतकरी आणि शेतमजूर दगावले, शेकडो जणांना रुग्णालयात न्यावं लागलं. औषधांची मिश्रणं, उंच वाढलेलं पीक, संरक्षक कपड्यांचा अभाव अशी अनेक कारणं पुढे आली. त्या घटनेने महाराष्ट्राला एक गोष्ट शिकवायला हवी होती: फवारणीचं विष तोंडावाटे किंवा श्वासावाटेच जातं असं नाही, ते कातडीतूनही शिरतं. घामेजलेल्या पाठीवर, ओल्या सदऱ्याखाली तर आणखी. झाकणातून ठिबकणारा पंप दिवसभर पाठीवर असणं याचा अर्थ काय होतो, हे यावरून समजावं.

म्हणून गळती दिसली की ‘एवढी टाकी संपवू मग बघू’ म्हणू नये. पंप उतरवावा, अंगाला साबण लावून धुवावं, कपडे बदलावेत. दोन रुपयांच्या चिंधीने जोड बांधून काम रेटणं हे धाडस नाही, ती स्वतःच्या शरीराशी केलेली हेळसांड आहे. शेतमालकाने मजुराला असा पंप देणं त्याहून वाईट.

काम झालं की पंप तीनदा थोड्या थोड्या पाण्याने धुवावा, प्रत्येक वेळी ते पाणी नळी-नोझलमधून फवारून काढावं. हे पाणी विहिरीजवळ किंवा ओढ्यात ओतू नये, त्याच शेताच्या बांधाकडच्या पट्ट्यावर फवारावं. मग दाब सोडून, झाकण उघडं ठेवून, टाकी उलटी करून सावलीत वाळवावी. जनावरांच्या आणि मुलांच्या हाती लागणार नाही अशा जागी ठेवावी. एवढं रोज केलं तर साधा पंपही बरीच वर्षं साथ देतो.

दुकानात गेल्यावर

भारतीय मानक ब्युरोने पाठीवरच्या पंपांसाठी मानकं ठरवली आहेत. पंपावर आयएसआय चिन्ह आहे का ते बघावं. पण खरी पारख दुकानातच, साध्या पाण्याने होते. पंप अर्धा भरून झाकण लावायला सांगावं, तो आडवा करावा, कमरेत वाकल्यासारखा झुकवावा. झाकणातून एक थेंबही येता कामा नये. मग दाब भरून नळीचे दोन्ही जोड कोरड्या कागदाने पुसून बघावेत. कागद ओला झाला तर तो पंप नको. ट्रिगर सोडल्यावर नोझलमधून ठिबक थांबते का बघावं. टाकीच्या तोंडावर, ट्रिगरमध्ये आणि नोझलमागे अशा तिन्ही ठिकाणी जाळ्या आहेत का, हे उघडून बघावं. पट्टे रुंद आणि गादीचे हवेत, बारीक पट्टा वीस-बावीस किलोच्या ओझ्याने खांद्यात रुततो.

नंतर दुकानदाराला एक प्रश्न विचारावा: याचं वायसर, झडप, नोझल, ट्रिगर आज दुकानात आहे का? ‘मागवून देतो’ हे उत्तर पेरणीच्या आणि रोगाच्या दिवसांत पुरत नाही. राहुरी, संगमनेर, नेवासा, श्रीगोंदा, जामखेड, कुठेही असा, आपल्या बाजारच्या गावी ज्याचे सुटे भाग मिळतात आणि ज्याची दुरुस्ती करणारा हात तिथे आहे, तो थोडा महाग पंप पाच वर्षांच्या हिशेबात स्वस्त पडतो. वायसर आणि झडपेचा एक संच पंपासोबतच घेऊन ठेवावा.

आणि पंप घ्यायला जाताना तो जो पाठीवर घेणार आहे त्याला सोबत न्यावं. अनेक घरांत पैसे मालक मोजतो आणि फवारणी मजूर करतो, कधी घरातली बाई करते, कधी कॉलेजातला मुलगा. त्याच्या खांद्यावर पट्टा कसा बसतो, भरलेली टाकी घेऊन तो उठू शकतो का, दांडा त्याच्या हाताला येतो का, हे त्यालाच कळेल. त्याला १६ लिटर जड जात असेल तर १२ लिटरचा घ्यावा. एकरी तीन-चार फेऱ्या जास्त होतील, पण काम नीट होईल आणि अंगही सांभाळलं जाईल. पंपाची निवड त्या माणसाच्या मताशिवाय करू नये, कारण त्यातलं औषध पिकापर्यंत नेण्याची सगळी जोखीम तोच उचलतो.